आय-७५१ रखडलंय, ग्रीन कार्डची तारीख उलटलीय: कुठे कोणता कागद दाखवायचा?

प्रश्न असा आहे: "लग्नाच्या आधारावर जून २०२१ मध्ये सीआर-१ व्हिसावर अमेरिकेत आले. दोन वर्षांच्या ग्रीन कार्डाची मुदत १२ जून २०२३ ला संपली. त्याआधी एप्रिलमध्ये आम्ही दोघांच्या सहीने आय-७५१, म्हणजे ग्रीन कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरला. पावती आली, बोटांचे ठसे झाले, त्यानंतर काहीच हालचाल नाही. आता नवीन नोकरीत एचआर म्हणतंय की व्हॅलिड कार्ड आणा. ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसमधून परत पाठवलं. कोल्हापूरला वडिलांची बायपास ठरली आहे. आणि घर बदलताना पावतीचा मूळ कागद हरवलाय, फोनमध्ये फक्त फोटो आहे. मी आत्ता इथे बेकायदेशीर आहे का? भारतात गेले तर परत येता येईल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यानेच झोप उडते. नाही, तुम्ही बेकायदेशीर नाही. आय-७५१ मुदतीत आणि नीट भरलेला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत तुमचा सशर्त कायम रहिवाशाचा (म्हणजे दोन वर्षांच्या ग्रीन कार्डाचा) दर्जा आपोआप पुढे चालू राहतो. हे अमेरिकेच्या संघीय नियमावलीतच लिहिलेलं आहे. कार्डावरची तारीख उलटली म्हणून दर्जा जात नाही. तो जायचा असेल तर यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, अर्ज नाकारावा लागतो, आणि तसं झालं तरी पुढे इमिग्रेशन न्यायाधीशासमोर दाद मागता येते. त्या प्रकरणाचा अंतिम निकाल लागेपर्यंत दर्जाचा तात्पुरता पुरावा मागण्याचा हक्कही राहतो.

मी न्यू जर्सीत कुटुंबाच्या आधारे होणाऱ्या इमिग्रेशनची कामं करते, आणि आपल्या लोकांकडून हा प्रश्न सतत येतो. बहुतेकांची समजूत अशी असते की आपला दर्जाच अधांतरी आहे. दर्जा पक्का असतो. अडचण असते ती पुराव्याची. एचआर, लायसन्सची खिडकी, विमान कंपनीचा काउंटर आणि अमेरिकेच्या विमानतळावरचा अधिकारी या चौघांना तुमच्याकडून वेगवेगळी गोष्ट जाणून घ्यायची असते. चौघांसमोर तोच कागद त्याच पद्धतीने ठेवला की दोन ठिकाणी काम होतं आणि दोन ठिकाणी अडतं. म्हणून समोरच्याला नेमकं काय तपासायचं आहे, हे आधी समजून घ्या.

त्याआधी तुमची पावती. तो आय-७९७ नमुन्यातला कागद फोटोत उघडून नीट वाचा, कारण बरेच जण फक्त वरचा नंबर बघून तो फाइलमध्ये टाकतात. वर तीन अक्षरं आणि दहा अंकांचा पावती क्रमांक असतो. त्याखाली अर्जाचा प्रकार, अर्ज पोचल्याची तारीख, तुमचं नाव आणि ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यातला तुमचा ओळख क्रमांक. खरं महत्त्व मजकुरातल्या एका परिच्छेदाला आहे. तुमच्या कार्डाची वैधता छापील तारखेपासून किती महिने वाढवली आहे, आणि या काळात नोकरी व प्रवासाची मुभा आहे, असं तिथे लिहिलेलं असतं. ही मुदतवाढ पूर्वी १२ महिन्यांची असायची. २०१८ मध्ये ती १८ महिने झाली, सप्टेंबर २०२१ मध्ये २४, आणि २५ जानेवारी २०२३ पासून ४८ महिने. तुमचा अर्ज एप्रिल २०२३ चा, त्यामुळे तुमच्या कागदावर ४८ असायला हवं. ते महिने पावतीच्या तारखेपासून मोजायचे नसतात, कार्डावर छापलेल्या तारखेपासून मोजायचे. म्हणजे तुमचं कार्ड त्या पावतीच्या जोडीने १२ जून २०२७ पर्यंत वैध आहे. ही तारीख एका चिठ्ठीवर लिहून कार्डामागे ठेवा. काउंटरवरच्या माणसाला ४८ महिन्यांचा हिशोब करायला लावण्यापेक्षा थेट तारखेवर बोट ठेवलेलं बरं.

"जोडीने" हा शब्द मुद्दाम वापरला. नुसतं मुदत संपलेलं कार्ड अपुरं, आणि नुसती पावतीही अपुरी. दोन्ही एकत्र दाखवले तरच पुरावा होतो. त्यामुळे जुनं कार्ड "एक्सपायर झालं" म्हणून घरी कपाटात ठेवू नका आणि कोणाच्या स्वाधीनही करू नका. अठरा वर्षांवरच्या कायम रहिवाशाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा, असा कायदाच आहे. रोजच्या वापराला पाकिटात कार्ड आणि पावतीची स्वच्छ प्रत ठेवा. मूळ पावती प्रवासाला आणि सरकारी कामाला काढा.

तुमची मूळ पावती हरवली आहे, म्हणून त्याची सोय सगळ्यात आधी करू. वकिलामार्फत अर्ज भरला असेल तर वकिलाकडेही पावतीची स्वतंत्र प्रत गेलेली असते, ती मागा. स्वतः भरला असेल तर यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर खातं उघडून त्या केसचा नंबर जोडून बघा. कधीकधी तिथे सूचनेची पीडीएफ मिळते. त्याशिवाय पावती पुन्हा पाठवण्याची विनंतीही करता येते. पण वडिलांच्या ऑपरेशनची तारीख जवळ असेल, तर या वाटेवर विसंबू नका. तुमच्यासाठी जास्त भक्कम मार्ग पासपोर्टवरच्या शिक्क्याचा आहे.

याला एडीआयटी शिक्का किंवा आय-५५१ शिक्का म्हणतात. यूएससीआयएसच्या फील्ड ऑफिसमध्ये अधिकारी तुमची ओळख पटवतो, दर्जा संगणकावर तपासतो आणि पासपोर्टच्या पानावर शिक्का मारतो. हा कायम निवासाचा तात्पुरता पुरावा आहे, अमुक तारखेपर्यंत वैध आहे आणि नोकरीची परवानगी आहे, असं त्यावर स्पष्ट असतं. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. नोकरीसाठीही चालतो आणि प्रवासासाठीही, आणि सोबत पावती नसली तरी स्वतंत्रपणे उभा राहतो.

मिळवायचा कसा? १-८००-३७५-५२८३ या नंबरवर फोन करा, किंवा संकेतस्थळावर भेटीची विनंती भरा. फोनवर आधी यंत्र बोलतं, माणसापर्यंत पोचायला चिकाटी लागते. माणूस भेटला की "माझी केस कुठवर आली?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला "प्रलंबित आहे" एवढंच उत्तर मिळतं आणि फोन संपतो. सरळ सांगा की मी सशर्त कायम रहिवासी आहे, आय-७५१ प्रलंबित आहे, मुदतवाढीची मूळ पावती माझ्याकडे नाही, वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी अमुक तारखेला भारतात जायचं आहे, म्हणून एडीआयटी शिक्क्यासाठी भेट हवी आहे. तुमची विनंती वरच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि काही दिवसांनी परत फोन येतो. तो फोन बऱ्याचदा अनोळखी किंवा नंबर न दिसणारा असतो, म्हणून त्या दिवसांत कोणताही फोन सोडू नका. भेटीला पासपोर्ट, जुनं कार्ड, पावतीच्या फोटोची छापील प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा, तिकीट आणि कोल्हापूरच्या रुग्णालयाचं इंग्रजीतलं पत्र न्या. त्या पत्रावर रुग्णाचं नाव, शस्त्रक्रियेची तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. एवढं असलं की तातडी वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

२०२३ पासून काही जणांना ऑफिसात न बोलावता हा शिक्का आय-९४ या प्रवेश-नोंदीच्या नमुन्यावर, छापील फोटोसह टपालाने पाठवतात. नोकरी आणि लायसन्ससाठी तो उत्तम चालतो. पण भारताचा प्रवास ठरलेला असेल तर मी माझ्या अशिलांना पासपोर्टवरच शिक्का घ्यायला सांगते. मुंबईला काउंटरवरचा कर्मचारी आधी पासपोर्ट चाळतो. पानावरचा शिक्का त्याच्या ओळखीचा असतो, सुटा कागद नसतो.

भारतीय पासपोर्टची मुदत किती उरली आहे, तेही आत्ताच बघा. ती संपत आली असेल तर आधी नूतनीकरण, मग शिक्का. क्रम उलटा झाला तर शिक्का जुन्या पासपोर्टात अडकतो आणि दोन्ही पुस्तिका घेऊन फिरावं लागतं. तसं आधीच झालं असेल तर रद्द झालेली जुनी पुस्तिका जपून ठेवा.

आता नोकरी. एचआरला तुमचा दर्जा नव्याने ठरवायचा नसतो, त्यांना आय-९ हा कामाचा हक्क तपासण्याचा फॉर्म भरायचा असतो. या फॉर्मचा नियम असा की मान्य यादीतली कोणती कागदपत्रं द्यायची हे कर्मचारी ठरवतो, मालक नाही. "ग्रीन कार्डच दाखवा" असं म्हणण्याचा त्यांना अधिकार नाही. तुमचं कार्ड आणि मुदतवाढीची पावती ही जोडी चालते. पण त्याहून सोपी एक वाट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे राज्याचं वैध ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र असेल, आणि कामावर निर्बंधाची ओळ नसलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड असेल, तर ते दोन कागद पुरेसे आहेत. ग्रीन कार्ड काढायचीच गरज नाही. तुम्ही इमिग्रंट व्हिसावर आलात, त्यामुळे तुमचं सोशल सिक्युरिटी कार्ड बिनशर्तच असणार, तरी त्यावरचा मजकूर एकदा वाचून घ्या. आधी एच-४ किंवा एच-१बी या तात्पुरत्या व्हिसावर राहून इथेच ग्रीन कार्ड झालेल्यांच्या जुन्या कार्डावर मात्र निर्बंधाची ओळ असते. ती सोशल सिक्युरिटी ऑफिसात जाऊन बदलून घ्यावी लागते, आणि हे काम लोक वर्षानुवर्षं राहू देतात.

फॉर्मच्या पहिल्या भागात तुम्ही स्वतः "लॉफुल पर्मनंट रेसिडेंट" या रकान्यावर खूण करता आणि ए-नंबर लिहिता. तिथे मुदतीची तारीख भरायची नसते. सशर्त असलात तरी रकाना हाच. तात्पुरत्या परवानगीवर काम करणाऱ्यांचा रकाना तुमचा नाही, तिथे चुकून खूण झाली की पुढे दर वेळी तारखेचा ससेमिरा मागे लागतो.

तुमच्यासारख्यांचा आणखी एक त्रास असतो. नोकरीला लागताना वैध ग्रीन कार्ड दाखवलेलं असतं, नंतर त्याची तारीख उलटते आणि एचआरची संगणक प्रणाली "नवीन कागद मागा" अशी आठवण करून देते. ग्रीन कार्ड दाखवून लागलेल्या कायम रहिवाशाची, सशर्त असला तरी, पुन्हा तपासणी करायची नसते. यूएससीआयएसची मालकांसाठीची पुस्तिका हेच सांगते. एडीआयटी शिक्का दाखवून लागलात तर मात्र त्याची मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी होते. म्हणून नोकरीसाठी पर्याय असेल तेव्हा मी शिक्का पुढे करायला सांगत नाही, लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड द्यायला सांगते. शिक्का प्रवासासाठी राखावा.

एचआरशी बोलताना आवाज चढवायची गरज पडत नाही. बहुतेकदा समोरची व्यक्ती घाबरलेली असते, चुकीचा कागद घेतला तर कंपनीला दंड होईल म्हणून. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावरचं मालकांसाठीचं पान छापून, त्यावर खूण करून ईमेलने पाठवा आणि उत्तरही लेखी मागा. तरी अडले, तर अमेरिकी न्याय खात्यात नेमकं याच कामासाठी एक विभाग आहे. कामगारांसाठीचा नंबर १-८००-२५५-७६८८. तिथे नाव न सांगताही चौकशी करता येते आणि गरज पडली तर ते थेट मालकाला फोन करून नियम समजावतात. मी पाहिलेल्या प्रकरणांत तक्रारीपर्यंत जायची वेळ फार कमी आली, एका फोनवर गाडी मार्गी लागली.

लायसन्सच्या खिडकीचं गणित वेगळं. तिथला कर्मचारी कागद बघतो, पण निर्णय "सेव्ह" नावाच्या संघीय पडताळणी प्रणालीवर अवलंबून असतो. तो तुमचा ए-नंबर टाकतो आणि प्रणाली उत्तर देते. मुदत संपलेल्या कार्डावर पहिल्या फेरीत पुष्कळदा ठाम उत्तर येत नाही, "अधिक पडताळणी करा" असा निरोप येतो. घाईतला कर्मचारी त्याचा अर्थ नकार असा लावतो आणि तुम्हाला घरी पाठवतो. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं. पुन्हा जाल तेव्हा विचारा, "माझी सेव्हची दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सुरू केली का? तिचा केस नंबर द्याल का?" तो नंबर हातात आला की सेव्हच्या केसचेक या पानावर घरबसल्या उत्तर आलं का ते बघता येतं. उत्तर आल्यावरच दुसरी चक्कर मारा.

लायसन्स किती काळाचं मिळेल हे मात्र राज्यावर आहे. कुठे पावतीच्या मुदतीपर्यंत देतात, कुठे वर्षाचं, कुठे पूर्ण मुदतीचं. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये आणि कॅलिफोर्नियात अनुभव सारखा येत नाही, आणि एकाच राज्यातल्या दोन ऑफिसांतही येत नाही. रिअल आयडीची (देशांतर्गत विमानप्रवासाला लागणाऱ्या संघीय दर्जाच्या ओळखपत्राची) सक्ती ७ मे २०२५ पासून लागू झाल्यावर खिडक्यांवरची माणसं जास्त सावध झाली आहेत. पावतीची पूर्ण, रंगीत, नीट वाचता येणारी प्रत न्या. फोनवरचा फोटो दाखवून हे काम होत नाही.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न, वडिलांकडे जाण्याचा. कायद्याने तुम्ही जाऊ शकता. अर्ज प्रलंबित असताना प्रवास केला तर तो रद्द होतो, अशी एक समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. ती दुसऱ्या प्रकारच्या अर्जांवरून आलेली आहे. ज्यांचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं आहे त्यांना बाहेर जाताना आधी परवानगी लागते. तुम्ही रहिवासी झालेल्या आहात, तुम्हाला ती लागू नाही.

परतीच्या वाटेवर मात्र दोन वेगवेगळी माणसं भेटतात. पहिला मुंबईचा चेक-इन कर्मचारी. चुकीचा प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड बसतो, म्हणून तो समोरच्या पडद्यावर टिमॅटिक नावाच्या यादीत नियम बघतो. मुदत संपलेलं दोन वर्षांचं कार्ड आणि मुदतवाढीची मूळ पावती असलेल्या प्रवाशाला नेता येतं, हे अमेरिकेच्या सीमा विभागाचं विमान कंपन्यांना सांगणं आहे. तरी रात्री दोन वाजता, मागे लांब रांग असताना, नव्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही. त्याने "मॅडम, कार्ड एक्सपायर्ड आहे" म्हटलं की शांतपणे सुपरवायझरला बोलवायला सांगा आणि पावतीवरचा तो परिच्छेद दाखवा. विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. तुमच्याकडे मूळ पावती नाही, म्हणून शिक्का न घेता तुम्ही निघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोच्या प्रतीवर विमानात बसू देतील, याची खात्री मी कोणालाच देत नाही.

विमान शक्यतो थेट घ्या. युरोपातल्या काही देशांत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. ग्रीन कार्डामुळे मिळणारी सूट मुदत संपलेल्या कार्डावर मिळेल की नाही, हे त्या देशाचे नियम ठरवतात. अमेरिकेचा कागद अमेरिकेसाठी कितीही पक्का असला तरी मधल्या विमानतळावर तो चालेल असं गृहीत धरू नका. थेट विमान परवडत नसेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

दुसरा माणूस अमेरिकेच्या विमानतळावरचा सीमा अधिकारी. त्याच्या पडद्यावर तुमची केस दिसते. आतल्या खोलीत बसवलं तर घाबरू नका. प्रलंबित आय-७५१ वाल्यांना बऱ्याचदा बसवतात, नोंदी पडताळतात आणि सोडतात. लग्न, घर, नोकरी, किती दिवस बाहेर होतात, एवढेच प्रश्न. खरी उत्तरं द्या, मोजकी द्या. आणि आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे केला तर त्यावर सही करू नका. तो स्वेच्छेने ग्रीन कार्ड सोडल्याचा फॉर्म आहे. तुमचा दर्जा काढून घेण्याचा अधिकार त्या टेबलावर कोणाला नाही. न्यायाधीशासमोर म्हणणं मांडण्याचा तुमचा हक्क आहे, एवढं शांतपणे सांगा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे सांगून ठेवा. पालकांचं ग्रीन कार्ड असलेल्या कितीतरी घरांत दमल्याभागल्या आई-वडिलांनी न वाचता सह्या केल्याचं मी पाहिलं आहे, आणि ते फार वाईट वाटतं.

मुक्काम किती ठेवायचा? सहा महिन्यांच्या आत परत या. १८० दिवसांपुढे राहिलात तर परतताना तुम्ही नव्याने प्रवेश मागत आहात असं धरता येतं आणि प्रश्न वाढतात. वर्ष उलटलं तर कार्ड आणि पावतीची जोडीही सहसा पुरत नाही. वडिलांची तब्येत बघता मुक्काम लांबेल असं वाटत असेल तर इथून निघण्याआधीच री-एंट्री परमिटचा (लांब मुक्कामानंतर परत येण्याच्या परवान्याचा) अर्ज करा, कारण तो भरताना तुम्ही अमेरिकेत असावं लागतं. भारतात असताना कागद चोरीला गेले किंवा हरवले, तर आय-१३१ए भरून मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतून विमानात बसण्यापुरती परवानगी घेता येते. ती सोय एका वर्षाच्या आत परतणाऱ्यांसाठी आहे. तिची फी मोठी आहे आणि वेळही जातो, म्हणून कार्ड, पावती आणि शिक्क्याच्या पानाच्या प्रती नवऱ्याकडे आणि स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवून जा. परत निघण्याच्या आदल्या दिवशी केसची स्थिती ऑनलाइन तपासा. तुम्ही बाहेर असताना पुरावे मागणारी सूचना आली तर नवऱ्याने टपाल उघडून लगेच कळवायला हवं, कारण तिला उत्तर द्यायची मुदत ठरलेली असते.

घर बदलल्याचं तुम्ही लिहिलंय. पत्ता बदलल्यापासून दहा दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरून यूएससीआयएसला कळवावं लागतं. टपाल खात्याला कळवणं म्हणजे यूएससीआयएसला कळवणं नव्हे. भरला नसेल तर आज भरा. रखडलेल्या केसेसमध्ये मुलाखतीचं पत्र जुन्या घरी जाणं आणि गैरहजर राहिल्यामुळे अर्ज नाकारला जाणं, हे घडतं. दर्जा धोक्यात येतो तो असा.

एक सावधगिरी. मुदत संपली म्हणून आय-९० भरू नका. तो दहा वर्षांचं कार्ड नवं करणाऱ्यांसाठी आहे. सशर्त कार्डाची मुदत वाढवायला तो चालत नाही, फी मात्र जाते. दहा वर्षांचं कार्ड असलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: आय-९० ची पावती सप्टेंबर २०२४ पासून कार्डाला ३६ महिन्यांची वाढ देते, आणि नोकरी-लायसन्सबद्दल वर लिहिलेलं बरंचसं तुम्हालाही लागू आहे.

या सगळ्या कागदी कसरतीतून बाहेर पडायचा तुमचा खरा मार्ग वेगळाच असू शकतो, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. तुमचा नवरा अमेरिकी नागरिक असेल, गेली तीन वर्षं तुम्ही नवरा-बायको म्हणून एकत्र राहत असाल, आणि रहिवासी होऊन तीन वर्षं झाली असतील, तर तुम्ही नागरिकत्वाचा एन-४०० भरू शकता. त्यासाठी आय-७५१ चा निर्णय आधी व्हायलाच हवा असं नाही. दोन्ही फाइली एकत्र येतात आणि बऱ्याचदा एकाच मुलाखतीत दोन्हींचा निकाल लागतो. वर्षानुवर्षं न हललेला आय-७५१ एन-४०० मागोमाग आल्यावर हललेला मी अनेकदा पाहिला आहे. त्या तीन वर्षांत किमान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं, आणि सहा महिन्यांहून मोठी एकच फेरी झाली असेल तर सलग वास्तव्य मोडलं का, हा प्रश्न येतो. भारताचा मुक्काम लांबवू नका म्हणण्याचं हे दुसरं कारण. मुलाखतीला नवऱ्याला सोबत न्या. एकत्र भरलेले कर, भाडेकरार किंवा गृहकर्ज, विमा, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले, असे २०२३ नंतरचे ताजे पुरावेही न्या. अर्जासोबत दिलेले कागद आता जुने झाले आहेत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, हा निर्णय प्रत्येक घराने आपापला घ्यायचा आहे. मी फक्त वाट दाखवली.

नागरिकत्व नको असेल आणि केस नेहमीच्या कालावधीच्या बाहेर गेली असेल, तर आधी यूएससीआयएसकडे उशिराची चौकशी नोंदवा. मग तुमच्या भागाच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसला लिहा. नागरिक नसलात तरी ते मदत करतात. माहिती मिळवायला त्यांना तुमच्या संमतीचा फॉर्म लागतो, तो त्यांच्याच संकेतस्थळावर असतो. निर्णय ते बदलू शकत नाहीत, पण फाइल कुठे पडून आहे हे त्यांच्या चौकशीला कळतं. शेवटचा उपाय म्हणजे संघीय न्यायालयात दावा, मँडॅमस. त्यात "मंजूर करा" असं मागता येत नाही, "निर्णय द्या" एवढंच मागता येतं. तो चांगला वकील घेऊनच करावा, आणि तुमचे पुरावे भक्कम असतील तरच. कच्च्या फाइलवर घाईने निर्णय ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

हे सगळं मी तुमचं लग्न टिकून आहे आणि अर्ज दोघांचा आहे असं धरून लिहिलं. दरम्यान वेगळे झाला असाल, घटस्फोट चालू असेल किंवा घरात मारहाण, धमक्या होत असतील, तर तुमचा दर्जा त्याने आपोआप जात नाही. एकटीने अर्ज पुढे नेण्याची तरतूद कायद्यात आहे आणि नवऱ्याच्या सहीवाचून ती वापरता येते. पण मग वर लिहिलेला प्रवासाचा आणि एन-४०० चा सल्ला तसाच्या तसा लागू होणार नाही, आणि निघण्याआधी कोणातरी वकिलाने तुमची फाइल बघायला हवी. तसंच कधी अटक झाली असेल, अगदी दुकानातली किरकोळ तक्रार असली आणि प्रकरण मिटलं असलं तरी, आधी वकील आणि मग विमानाचं तिकीट.

तुमच्या परिस्थितीत मी क्रम असा लावेन. आज एआर-११ आणि शिक्क्याच्या भेटीसाठी फोन. रुग्णालयाचं पत्र भावाबहिणीकडून ईमेलने मागवून घ्या. उद्या एचआरला लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड. लायसन्सची मुदत संपली असेल तर ही जोडी चालणार नाही, मग शिक्का पुढे करा, कारण आय-९ साठी पावतीची नुसती प्रत चालत नाही. लायसन्सच्या ऑफिसात सेव्हची दुसरी फेरी भारतात जाण्याआधी सुरू करून ठेवा, तुम्ही परत याल तोवर उत्तर आलेलं असेल. एन-४०० चा विचार परतल्यावर निवांत करा. भेटीची तारीख शस्त्रक्रियेच्या आत मिळत नसेल, तर इथेच खाली तुमचं राज्य आणि जवळचं फील्ड ऑफिस लिहा. ए-नंबर किंवा पावती क्रमांक मात्र इथे टाकू नका.